दहा किलोला अर्धा किलो

तो माणूस शेडच्या दारातच थांबला. चपला बाहेर काढल्या, खिशातल्या रुमालानं हात पुसले, शर्टाच्या बाह्या झटकल्या आणि तिथूनच म्हणाला, "मॅडम, आत येऊ का? आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलोय. पण मी बेकरीत कामाला असतो. मैदा कुठंतरी असतोच अंगावर."

मी म्हटलं, या की. तरी तो आला नाही. आत ट्रेमध्ये ज्वारीचा पास्ता वाळत पडला होता, तो त्याला दारातून दिसत होता. आपल्या मुलीसारखी आणखी कुणाची मुलं हे खात असतील, उगीच आपल्यामुळं त्यात काही जायला नको, असं तो म्हणाला. शेवटी मीच दोन खुर्च्या बाहेर भिंतीच्या सावलीत टाकल्या.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक छोटी शेड होती. मी, मालनमावशी आणि आणखी तीन बायका. आधी आम्ही शेवया आणि कुरडया करायचो. मग पुण्या-मुंबईकडे गहू सोडलेल्या लोकांची संख्या वाढायला लागली आणि ज्वारीच्या पास्त्याला एकदम मागणी आली. वर्षभरात आमची पाकिटं सांगली-मिरजेतल्या औषधांच्या दुकानांपासून पुण्यातल्या मोठमोठ्या दुकानांपर्यंत गेली. पाकिटावर हिरव्या अक्षरात छापलेलं असे: शंभर टक्के ग्लूटेन-फ्री.

त्या माणसाचं नाव भानुदास शिरतोडे. विट्याहून बसनं आला होता. तिथल्या एका बेकरीत अठरा वर्षं टोस्ट आणि खारी करत होता. त्याची मुलगी समीक्षा दहा वर्षांची. तिला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतडं सुजतं, हे मिरजेच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून घरात तिची भांडी वेगळी, तवा वेगळा, पोळपाट वेगळा. वाढदिवसाला बोलावलं तर ती जायची, पण घरून भाकरी खाऊन. शाळेत डबा उघडायची तो भिंतीकडे तोंड करून.

"मग तुमचं पाकीट मिळालं," तो म्हणाला. "पहिल्यांदा डब्यात नेलं त्या दिवशी घरी येऊन सांगते, पप्पा, आज मुलींनी माझ्याकडं मागितलं."

त्यानं पिशवीतून आमचं एक रिकामं पाकीट काढलं. चार घड्या घालून, इस्त्री केल्यासारखं जपून ठेवलेलं. ते त्यानं मांडीवर उलगडलं आणि पुढं सांगायला लागला. दिवाळीपर्यंत सगळं छान होतं. वजन वाढलं होतं, गालावर रंग आला होता. दिवाळीनंतर पुन्हा पोट बिघडलं ते थांबेना. तीन किलो वजन उतरलं. शाळा बुडाली. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय, शोधा. घरच्यांनी शोध घेतला. हिंगात मैदा असतो म्हणून हिंग बंद केला. बायकोनं सगळ्यांच्याच चपात्या बंद केल्या. तिची सासू म्हणाली, सूनच लपून काहीतरी भरवत असणार, पोरीचं तोंड बघवत नाही म्हणून. त्यावरून घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.

"आता राहिलो मी," तो म्हणाला. "तुम्ही या धंद्यातल्या, म्हणून विचारायला आलो. मी बेकरीतनं आलो की अंगणातच आंघोळ करतो, मग पोरीला जवळ घेतो. तरी केसात, नखांत मैदा राहून तिच्या पोटात जाऊ शकतो का? जात असेल तर काम सोडतो. मालकाच्या कानावर घालून ठेवलंय. पण मला दुसरं काही येत नाही मॅडम, म्हणून म्हटलं एकदा जाणत्या माणसाला विचारावं."

पाकिटाबद्दल त्याला काही विचारायचंच नव्हतं. पाकीट त्यानं आणलं होतं ते आमचा पत्ता त्यावर होता म्हणून.

आता मला जे माहीत होतं ते सांगते. ज्वारीला चिकटपणा नसतो. नुसत्या ज्वारीचा पास्ता उकळत्या पाण्यात फुटतो, भांड्यात लापशी होते. पहिले काही महिने तक्रारी आल्या त्या याच. मालनमावशी म्हणायच्या, पिठाची उकड काढू या, पापडाला काढतात तशी, मग तुटणार नाही. त्यांचं बरोबर होतं. पण उकड काढायची म्हणजे प्रत्येक घाण्याला दीड तास जास्त आणि वाळायला एक दिवस जास्त. दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या दुकानांची मोठी ऑर्डर आली होती, तारीख ठरलेली होती. मी मावशींना सांगितलं, दहा किलोला अर्धा किलो मैदा घाला.

त्या म्हणाल्या होत्या, "वैनी, पाकिटावर तर न्हाई म्हनून लिवलंय."

मी त्यांना समजावलं होतं की हा पास्ता घेणारे लोक बहुतेक वजन कमी करणारे असतात, फॅशन म्हणून गहू सोडलेले. त्यांना एवढ्याशा मैद्यानं काही होत नाही. माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या शंभर गिऱ्हाइकांतल्या नव्वदांना खरंच काही झालं नसतं. उरलेल्या दहांचा विचार मी केला नव्हता, असं म्हणून मला सुटता येत नाही. केला होता. ते कुठंतरी लांब, न दिसणारे असतील असं धरून चालले होते. त्यातला एक आता माझ्यासमोर बसला होता आणि स्वतःची नखं मला दाखवत होता.

मी त्याच्या नखांकडे पाहिलं. मुळापर्यंत कापलेली, स्वच्छ होती.

"जाऊ शकतो," मी म्हणाले. "फार बारीक कण असतात. सांगता येत नाही."

त्यानं मान हलवली. मला वाटलं होतं तो खचेल, पण त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. शोध संपला होता ना. तो म्हणाला, "मग ठरलं. उद्याच मालकाला सांगतो. बायकोवरचा आळ तरी जाईल."

मग उठता उठता त्यानं विचारलं, इथं कारखान्यात पाकिटं मिळतात का. पोरीनं सांगितलंय आणायला. आजारी आहे तरी तेच मागते, दुसरं काही गोड लागत नाही.

मी आत गेले. फळीवर पाकिटं रचून ठेवलेली होती. दिवाळीपासूनचा सगळा माल तसाच होता, मैदा घातलेला. तेव्हा मी म्हणू शकले असते की आज शिल्लक नाही. एवढं साधं खोटंसुद्धा मला सुचलं नाही, की सुचलं पण दारातून त्याला फळी दिसत होती म्हणून बोलायचं धाडस झालं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी सहा पाकिटं काढली आणि त्याच्या कापडी पिशवीत घातली. तो पैसे द्यायला लागला. मी म्हटलं, राहू द्या, मुलीला माझ्याकडून.

त्यानं दोन्ही हात जोडले. चपला घातल्या आणि फाटकाकडे चालू लागला.

मालनमावशी खिडकीपाशी साचे धूत होत्या. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्या तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. कवलापूरच्या. माणूस लवकर गेला, त्यांनी शेवया-पापड करून दोन मुलींची लग्नं केली. आमच्या शेडमध्ये जे काही चांगलं व्हायचं ते त्यांच्या हातचं. त्यांनी साचा बादलीत ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुठली दिली, वैनी?"

मी फळीकडे पाहिलं.

"त्यो काम सोडणार हाय," त्या म्हणाल्या. "आन पोरगी हेच खानार हाय."

त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग कोपऱ्यातल्या चपला घातल्या आणि निघाल्या. बसथांबा तिथून दहा मिनिटांवर. दारात माझी स्कूटर उभी होती. मी त्यांना मागं बसवून दोन मिनिटांत पोहोचवू शकले असते. मी खुर्चीवर बसून राहिले. बाकीच्या तीन बायका खाली मान घालून पाकिटं भरत होत्या, त्यांनाही सगळं माहीत होतं, पीठ त्याही मळत होत्या. आणि मी मनातल्या मनात म्हणत होते की विट्याची बस निघून गेलेली असू दे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अर्ध्या तासानं मावशी परत आल्या. उन्हानं चेहरा लाल झाला होता. पदराच्या ओच्यातून त्यांनी सहा पाकिटं काढली आणि एकेक करून टेबलावर ठेवली.

मी विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"माझ्या हातनं झालं म्हनलं. गोण्या शेजारी हुत्या, वळखू आलं न्हाई, मैदा मिसळला. बाईस्नी ठावं न्हाई. पोरीला हे देऊ नका आन काम बी सोडू नका, तुमच्या अंगाचा मैदा न्हवं त्यो."

"तुमचं नाव कशाला घेतलंत, मावशी?"

"मग कुनाचं घ्यायचं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमचं घेतलं असतं तर हितं कुलूप लागलं असतं. त्या तिघी कुठं जानार?"

मग त्यांनी कोपऱ्यातली मैद्याची गोणी उचलली, तोंड बांधलं आणि शेडच्या बाहेर नेऊन ठेवली. उद्यापासून उकड काढायची, असं त्यांनी मला सांगितलं. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदास शिरतोडेचा फोन आला. पण तो भांडत नव्हता. रात्रभर विचार केला म्हणाला. आधी राग आला, मग वाटलं, वय झालेलं माणूस, चूक होते. आणि ती लपवायला धावली नाही, सांगायला धावली. धाप लागली होती, तरी उन्हातून धावत आली.

"एक विनंती आहे, मॅडम," तो म्हणाला. "त्यांना कामावरून काढू नका."

आत्ता, याच वेळी सांगायला हवं, असं मला लख्ख वाटलं. फोन कानाला होता आणि तोंड उघडलेलंही होतं.

मी म्हणाले, "नाही. नाही काढणार."

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहात," तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले.

त्यानंतर मी दुकानांतला सगळा माल परत मागवला. पॅकिंगमध्ये दोष आहे असं कळवलं. शेडमध्ये गव्हाचा दाणा पुन्हा आला नाही. स्वतःची चक्की घेतली, दर महिन्याला माल तपासायला पाठवू लागले. उकडीचा पास्ता फुटायचा नाही, चवीलाही चांगला झाला. समीक्षा दोन-तीन महिन्यांत सावरली, तसा शिरतोडेचा निरोप आला. आमची शेड मोठी झाली, चार बायकांच्या बावीस झाल्या. पत्र्यावर आमच्या नावाची पाटी लागली. लोक ज्वारी-नाचणीच्या पास्त्याबद्दल बोलायला मला बोलवू लागले.

बोलायचं म्हणजे काहीतरी गोष्ट लागते. पहिल्यांदा बँकेच्या साहेबांनी विचारलं की शुद्धतेबद्दल तुम्ही एवढ्या काटेकोर कशा, तेव्हा मी म्हटलं, आमच्या एका कामगार बाईच्या हातून एकदा चूक झाली होती. तेवढंच. पुढं एका वर्तमानपत्राच्या मुलीनं विचारलं, तेव्हा त्यात ती आजारी पोर आली. मग उन्हातून धावणं आलं, गोण्या आल्या, त्या माणसाचा फोन आला आणि मी तिला कामावरून काढलं नाही हे आलं. सांगून सांगून गोष्टीला चांगला आकार आला होता. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे मला जमायला लागलं होतं.

पाच वर्षांनी पुण्यात महिला उद्योजकांचा मेळावा होता. मला सन्मान मिळणार होता, म्हणून मी सगळ्या बायकांना गाडी करून नेलं. मालनमावशींना मी स्वतः एक इरकल घेऊन दिली होती, ती नेसून त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी बोलायला उभी राहिले आणि बोलता बोलता ती गोष्ट आली. नेहमीच यायची. मावशी समोर आहेत हे मला दिसत होतं, पण गोष्ट मध्येच सोडता येण्यासारखी नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ती मला खोटी वाटतही नव्हती. मी शेवटाकडे आले. मी म्हणाले, "ती बाई आजही माझ्याकडे आहे. इथंच बसली आहे. मावशी, जरा उभ्या राहा."

मावशी उभ्या राहिल्या. सभागृह वळून त्यांच्याकडे पाहू लागलं. त्यांनी हात जोडले. मोठ्या टाळ्या झाल्या. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या.

परतीच्या वाटेत साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा बायका एका बाजूला बसल्या, मी एकटी एका टेबलावर.

सोमवारी मावशी कामाला आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी मी कवलापूरला गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या, बाजेवर सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, तब्येत बरी नाही का. तब्येत बरी होती. मी म्हटलं, मग चला ना. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी खोटं बोलले ते एका दिसापुरतं, वैनी. त्या बापाचं काम जाऊ नये, पोरीच्या पोटात आनखी जाऊ नये, येवढ्यासाठी. तुमी पाच वर्सं बोलून बोलून ते खरं करून टाकलं. परवा समदे टाळ्या वाजवाय लागले तवा मलाच वाटाय लागलं, का माझ्याच हातनं सांडला हुता मैदा."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, पण जवळ आल्या नाहीत. मी म्हटलं, मी त्या माणसाला सगळं सांगते. त्या म्हणाल्या, ते तुमचं तुमी बघा. मी म्हटलं, मग याल ना परत? त्यांनी सूप उचललं आणि तांदूळ निवडायला लागल्या.

सांगते म्हणाले, पण फोन करायला मला तीन आठवडे लागले. नंबर काढायचा आणि ठेवून द्यायचा. एका दुपारी शेवटी लावला. शिरतोडे त्याच बेकरीत होता. पाठीमागं भट्टीच्या पत्र्यांचा आवाज येत होता. त्यानं आनंदानं चौकशी केली. समीक्षा दहावीला गेली, उंच झालीय, तिच्या आईपेक्षा उंच, असं सांगितलं. मी त्याला मध्येच थांबवलं आणि सांगून टाकलं. मैदा मावशींच्या हातून मिसळला नव्हता. मी सांगितलं होतं घालायला, दहा किलोला अर्धा किलो. तुम्ही आलात तेव्हाही मला माहीत होतं, आणि ती सहा पाकिटं दिली तेव्हाही.

शिव्या ऐकायची माझी तयारी होती. खरं तर मी त्यांचीच वाट पाहत होते.

"मी दर दिवाळीला मालनताईंना नानकटाईचा डबा पाठवतो," तो अखेर म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "आमच्या भट्टीची. पहिल्या वर्षी सोबत चिठ्ठी टाकली होती. लिहिलं होतं, आम्ही तुम्हाला माफ केलंय, मनाला लावून घेऊ नका."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मावशी कधी बोलल्या नव्हत्या.

"दरवर्षी त्यांचा फोन येतो," तो म्हणाला. "नानकटाई चांगली होती म्हणून सांगतात."

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं हो म्हटलं.

"ठेवतो, मॅडम," तो म्हणाला. "भट्टीत माल आहे."